डाके भाऊसाहेब सटकले

आधीच सांगून ठेवतो, मी वेडा नाही. माझ्याजवळ तसं सरकारी सर्टिफिकेट आहे, गोल शिक्क्याचं, डॉक्टरच्या सहीचं. तुमच्याजवळ आहे का? नसेल तर हसू नका. तुमचं अजून तपासायचं राहिलंय, एवढाच त्याचा अर्थ होतो.

मी आदिनाथ डाके. माजलगाव आणि तेलगावच्या मधल्या पट्ट्यात एक सूतगिरणी आहे, तिथं टाइम ऑफिसात हेडक्लार्क. गिरणीचं नाव सांगत नाही, नोकरी अजून शाबूत आहे. कामगार मला डाके भाऊसाहेब म्हणतात, आणि 'भाऊसाहेब' हा शब्द आमच्याकडे फुकट मिळत नाही, त्यासाठी आयुष्यभर लोकांच्या रजा अडवाव्या लागतात. राहतो गिरणीच्याच कॉलनीत, क्वार्टरमध्ये, एकटा. बायको रोहिणी आणि मुलगी सायली लातूरला असतात. सायली डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करते, यंदा रिपीट. हा शब्द आमच्या घरात हळू आवाजात म्हणायचा असतो.

लातूरला खोली घेतली त्याच दिवशी रोहिणीनं नियम घालून दिला होता. पोरीचं लक्ष उडेल असं काही इकडून कळवायचं नाही. तेव्हापासून माझी दाढ सुजली, कळवलं नाही. मोटारसायकलवरून पडलो, कळवलं नाही. रोज संध्याकाळी फोन येतो. "जेवलात का?" "जेवलो." "ठीक ना?" "ठीक." "बरं, ती अभ्यासाला बसलीय, ठेवते." यात जेवलो हे निम्म्या वेळा खोटं असतं, कारण त्यावेळी वरण अजून गॅसवर असतं. ठीक हे कितपत खरं असतं त्याची चौकशी कुणी केली नव्हती, मीही केली नव्हती.

तर एके दिवशी मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आमचे मॅनेजर प्रविण थावरे, वयानं माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, पण चेहऱ्यानं माझे थोरले बंधू वाटतात. त्यांच्या हातात एक कागद होता. तो वाचत ते म्हणाले, "डाके, मनोसामाजिक जोखीम व्यवस्थापन."

"हो साहेब," मी म्हणालो.

"म्हणजे काय असतं?"

"आपणच म्हणालात साहेब."

त्यांनी कागद पुन्हा वाचला. भानगड अशी होती की आमचं सूत ज्या परदेशी कंपनीला जातं, तिनं विचारलं होतं की तुमच्या कामगारांच्या मनावर कामाचा ताण किती आहे, तो कोण ऐकून घेतं, आणि त्याची सोय काय केली आहे. आग विझवायच्या बादल्या त्यांनी मागच्या खेपेला मोजल्या होत्या, आता मनं मोजायला माणूस येणार होता. सोय दिसली नाही तर ऑर्डर दुसऱ्या गिरणीला. ऑर्डर गेली तर एक पाळी बंद, आणि पाळी बंद म्हणजे तेवढी माणसं घरी.

"समन्वयक म्हणून तुमचं नाव टाकलंय," साहेब म्हणाले. "तुम्हाला तसंही संध्याकाळी घरी कुणी नसतं."

आता याला काय म्हणावं? माझ्या एवढ्या नोकरीत माझी गुणवत्ता म्हणून कुणी काही ओळखलं असेल तर ते हे, की घरी कुणी नसतं. पण मी अपमान गिळला. हेडक्लार्कला त्याची सवय असते.

संभाजीनगरला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. एका बाईंनी फार चांगलं शिकवलं, दुपारचं जेवण जड होतं म्हणून त्यातल्या मला तीनच गोष्टी आठवतात. पहिली, गोपनीयता. जे ऐकलं ते पोटात ठेवायचं. दुसरी, माणूस 'ठीक' म्हणाला तर तिथं थांबायचं नाही, ठीक म्हणजे दार लावून घेणं. तिसरी, बोलायला कुणी नसेल तर समोर रिकामी खुर्ची ठेवायची, तिच्यावर आपलं माणूस बसलंय असं समजायचं आणि तिच्याशी बोलायचं. त्या तिसऱ्या गोष्टीनं माझा घात केला.

लोकांनी येऊन मनातलं बोलावं म्हणून एक कक्ष काढायचा होता, त्यासाठी मला जुनं बारदान ठेवायचं गोडाऊन मिळालं. ते रिकामं करायला स्टोअरची परवानगी लागत होती, स्टोअर म्हणे बारदान अकाउंटच्या ताब्यात आहे, अकाउंट म्हणे बारदानाची नोंदच आमच्याकडे नाही, त्यामुळे जे नाहीच ते हलवायची परवानगी आम्ही कशी देणार. शेवटी मी आणि शहादेव जॉबरनं ते बारदान स्वतः ओढत बाहेर काढलं. शहादेव म्हणजे रिंगफ्रेम खात्यातला जॉबर, मशीन बिघडलं की त्याला हाक मारायची. दंडानं मजबूत, तोंडानं फटकळ. धूळ झटकत तो म्हणाला, "भाऊसाहेब, हितं बसून लोक रडणार व्हय? आन मंग आमी मशीन कवा चालवायचं?"

पाटीचं वेगळंच रामायण झालं. 'मनमोकळा कक्ष' असं मी ठरवलं होतं. पेंटर म्हणाला की एवढ्या शब्दांना पाटी बारकी पडते, नुसतं 'कक्ष' लिहू का? शेजारच्या विमलबाई, ज्यांना आमच्या कॉलनीचं रेडिओ स्टेशन म्हणायला हरकत नाही, त्यांनी येऊन सांगितलं की दार दक्षिणेला आहे, इथं मोकळं झालेलं मन परत यायचं नाही. चेअरमन राधाकिशनरावांच्या पीएचा फोन आला की पाटीवर साहेबांचं नाव कुठाय? मग 'मा. चेअरमन साहेबांच्या प्रेरणेतून' हे वर मोठ्या अक्षरांत आलं आणि मनमोकळा कक्ष खाली कोपऱ्यात गेला. लांबून बघणाऱ्याला ते चेअरमन साहेबांचं संपर्क कार्यालय वाटायचं. दोन म्हाताऱ्या तर निराधारच्या पगाराची चौकशी करायला येऊन गेल्या.

उद्घाटन झालं. राधाकिशनराव भाषणाला उभे राहिले की मांडववाला सुद्धा खुर्ची बघून बसतो. कापूस, धरणाचं पाणी, विरोधकांची लायकी, सगळं झालं आणि मग ते विषयावर आले. "आमच्या गिरणीत कुणाला ताण हाय का? असंल तर उभं ऱ्हावा! चेअरमन तुमच्या पाठीशी हाय!" सगळा मांडव खाली बघत बसला. मॅनेजर साहेबांचा हात आपोआप पोटाकडे गेला, त्यांना ॲसिडिटी आहे. "बघा!" चेअरमन म्हणाले, "एकबी न्हाई!" टाळ्या झाल्या आणि फीत कापली.

आणि मग कुणीही आलं नाही.

मी रोज जेवणाच्या सुट्टीत तिथं जाऊन बसायचो. दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा जग. कक्ष नेमका कँटीनच्या समोर. चहाचा कप हातात घेतलेली सगळी गिरणी दाराकडे तोंड करून उभी. आत जो पाऊल टाकेल तो संध्याकाळपर्यंत 'येडा' होणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, मलाच कळलं नव्हतं. मी एकेकाला खिडकीतून हाक मारून बघितली. "काय रे, कसा आहेस?" "ठीक हाय भाऊसाहेब!" आणि चहासकट पसार. कापसाचा कचरा झाडणाऱ्या केसरबाई एकदा दारापर्यंत आल्या, माझा जीव सुपाएवढा झाला. त्या म्हणाल्या, "फरशी पुसून घेऊ का?"

तपासणी जवळ येत चालली. मॅनेजर साहेब रोज विचारायचे, "डाके, किती आले?" मी म्हणायचो, "वातावरण तयार होतंय साहेब." शेवटी मी ठरवलं की आपणच पायंडा पाडायचा. बोलणाऱ्याच्या खुर्चीवर आपण स्वतः बसायचं, दार सताड उघडं ठेवायचं, म्हणजे लोकांना दिसेल की यात भ्यायचं काही नाही. ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर बसायला अर्थातच कुणी नव्हतं. पण प्रशिक्षणात त्याची सोय सांगितलेलीच होती.

मी घसा खाकरला. समोरच्या खुर्चीकडे बघितलं. आधी जरा लाजच वाटली. "नमस्कार," मी म्हणालो. खुर्ची गप्प. "मी डाके. टाइम ऑफिस." यात मोकळं होण्यासारखं काही नव्हतं. मग बाईंनी सांगितलेलं आठवलं, आपलं माणूस बसलंय असं समजा. मी समजलो. ती निळी साडी नेसून बसली, जशी लातूरला जायच्या दिवशी एस्टीत बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन.

"रोहिणी," मी म्हणालो, "काल वरण पुन्हा करपलं. पातेलं घासून घासून हात गेले बघ. आणि तू लोणच्याची बरणी कुठं ठेवलीस? वरच्या फळीवर न्हाई. आता फोन केला की तू म्हणशील, एवढ्यासाठी फोन केला व्हय? एवढ्यासाठीच करावा वाटतो गं. मोठं काही असलं तर आपण सांगतच न्हाई ना एकमेकांला. परवा दाढ काढली. काढताना तुझा हात धरावा वाटला, त्या कंपाउंडरचा धरला. तो हसला मेला."

असा किती वेळ बोललो कुणास ठाऊक. लोणच्यावरून रागावलोही थोडा. तिला म्हणालो, बोल ना, गप्प का? आणि वर बघितलं तर दारात शहादेव जॉबर, हातात पाना, आणि तोंड उघडं.

"कुणाशी बोलायलेत?" त्यानं हळूच विचारलं.

मी एक वाक्य बोललो असतो तर सगळं निभावलं असतं. 'प्रात्यक्षिक चाललंय' म्हणायचं होतं. पण माझे डोळे ओले होते आणि ते लपवायच्या नादात मी म्हणालो, "कुणाशी न्हाई. मंडळी आल्यात." हे मी का म्हणालो ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. शहादेवनं खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाना छातीशी धरून उलट्या पावलानं गेला.

भोंगा व्हायच्या आत गिरणीभर झालं. डाके भाऊसाहेब सटकले.

आता आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे. आमच्याकडे माणूस आजारी पडला की त्याला भेटायला जावंच लागतं. नाही गेलात तर तो बरा होऊन मरेपर्यंत लक्षात ठेवतो, आणि त्याची मुलं तुमच्या मुलांच्या लग्नात ते काढतात. जाताना नारळ न्यायचा, बिस्किटांचा पुडा न्यायचा, केळी असली तर उत्तम. गेल्यावर खाली मान घालून बसायचं. मग विचारायचं, "कावून झालं असं?" रोग कोणता याला महत्त्व नाही. पाय मोडला काय आणि डोकं फिरलं काय, पुडा तोच.

त्याच संध्याकाळी माझ्या क्वार्टरसमोर चपलांचा ढीग लागला. सगळ्यात आधी विमलबाई, नारळ घेऊन. "भाऊसाहेब, मी म्हणलं व्हतं की न्हाई, दक्षिण दार हाय!" मी म्हणालो, "अहो, मला काही झालेलं नाही." त्या मागच्या बायकांकडे वळून म्हणाल्या, "असंच म्हंतेत ते. आमचा चुलत दीर बी असंच म्हनायचा." बायकांनी चुकचुक केली. मी चिडून आवाज चढवला. "मी वेडा नाही!" त्याबरोबर सगळ्या जरा मागं सरकल्या आणि कुणीतरी माझ्या हातातला अडकित्ता हळूच काढून घेतला.

आष्टीहून सटवामामा आले, एस्टी बदलत बदलत. त्यांनी माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि जेवायला बसले. शेजारच्या ओळीतल्या मास्तरांनी शीर्षासन सुचवलं. एकानं कांद्याचा रस सांगितला, कुठं लावायचा ते मात्र त्याला आठवेना. मी सगळ्यांना हात जोडून एकच विनंती केली, "काय म्हणायचं ते म्हणा, पण लातूरला कळवू नका. पोरीची परीक्षा आहे." सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. विमलबाईंनी तर गळ्याची शपथ घेतली, स्वतःच्या नव्हे, माझ्या.

दुसऱ्या दिवसापासून मात्र निराळंच सुरू झालं. लोक एकेकटे यायला लागले.

शहादेव आला. पुडा टेबलावर ठेवला, खाली मान घालून बसला. "लई इचार करू नका भाऊसाहेब," म्हणाला. मग म्हणाला, "इचार मी बी लई करतो. कारभारीण ऊसतोडीला गेलीय सासऱ्याच्या टोळीत, कर्नाटकात. मी मशीनच्या आवाजातून घरी येतो आन घरात इतकं गपगार असतं की कानात मशीनच वाजत ऱ्हाती. मंग मी उगंच मोबाइलवर भजन लावून झोपतो. ऐकत न्हाई, नुसतं लावतो." मी म्हणालो, "शहादेव, हे तू कक्षात येऊन का सांगितलं नाहीस?" तो माझ्याकडे दयेनं बघून म्हणाला, "शाण्या माणसाला सांगितलं तर तो चार जणांला सांगतो. तुमी सांगितलं तरी कोन खरं मानतंय?"

माझ्या आत्मसन्मानावर एवढा घाव याआधी कुणी घातला नव्हता. पण त्याला चहा केला. तो बसला, मीही बसलो.

केसरबाई आल्या. त्यांनी आधी माझ्या घराची फरशी पुसली, मी नको म्हणत असताना. मग उंबऱ्यावर बसून सांगितलं की सुपरवायझरनं सगळ्यांच्या देखत त्यांच्या मेलेल्या आईवरून शिवी दिली होती, आणि त्या कचऱ्याच्या ढिगाकडे जाऊन रडतात. "मशीनच्या आवाजात रडलेलं ऐकू येत न्हाई भाऊसाहेब. लई बरी जागा हाय. भोंगा झाला की डोळे पुसायचे." असं म्हणून त्या हसल्या. मी त्यांना केळ दिलं.

आणि एका संध्याकाळी खुद्द मॅनेजर साहेब, टोपी कपाळावर ओढून, मागच्या दारानं. नारळ नव्हता, पण पुडा होता, क्रीमचा. "डाके, तब्येत कशी आहे?" असं म्हणून त्यांनी मागं वळून दाराची कडी लावली. चेअरमन यांना जेवताना फोन करतात, हे पूजेला बसले तरी करतात, सासऱ्यांच्या दहाव्याला सुद्धा पिंडापाशी फोन आला होता. फोन वाजला की त्यांच्या पोटात आग पडते. आता न वाजता सुद्धा पडते. "डाके, मी हे बायकोला सुद्धा सांगितलेलं नाही. ती म्हणेल, मॅनेजर झालास तरी रडतोस." मग त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. बिस्किटाचा चुरा माझ्या शर्टावर पडला. जाताना ते म्हणाले, "यातलं तुमच्या लक्षात काही राहणार नाही ना?" मी म्हणालो, "नाही साहेब." ते म्हणाले, "देवाची कृपा."

खरं सांगू? ते दिवस मला फार बरे गेले. लोक मला येडा समजत होते, पण माझ्या घरी दिवा लागला की कुणीतरी असायचं. वरण करपत नव्हतं, कारण कुणीतरी म्हणायचं, "भाऊसाहेब, वास येतोय." बिस्किटांचे पुडे कपाटावर छतापर्यंत गेले. मी रोज तक्रार करायचो की काय हा छळ, आणि रोज दारावर कान लावून बसायचो.

तपासणी तोंडावर आली आणि मॅनेजर साहेब भानावर आले. मानसिक आरोग्याचा समन्वयकच वेडा निघाला तर ऑर्डर जाणार. "डाके, सरकारी दवाखान्यातून फिट असल्याचं सर्टिफिकेट आणा." मी गेलो. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "पेशंट कुठाय?" मी म्हणालो, "मीच." "सोबत कोण?" "कुणी नाही." त्यानं पेन खाली ठेवलं. "डोक्याच्या पेशंटला नातेवाईक लागतो. नातेवाईकाशिवाय घेत नाही."

"पण मी पेशंट नाही. मी बरा आहे, तेच लिहून पाहिजे."

"बरा आहे हे सांगायला सुद्धा नातेवाईक लागतो."

मी बाकड्यावर जाऊन बसलो. आजूबाजूला प्रत्येकाजवळ कुणीतरी होतं. कुणाचा हात धरलेला, कुणाला पाणी पाजताहेत. एक म्हातारी तर आपल्या म्हाताऱ्याला शिव्या देत होती, पण त्याच्या शर्टाची गुंडी लावत लावत. मी लातूरला फोन लावायला मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला. पोरीची परीक्षा. मग शहादेवला फोन केला. तो पाळी टाकून आला, हाताला ग्रीस तसंच. खिडकीवरच्या माणसानं त्याचं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "नातं?" शहादेव माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ."

"तुमचं आडनाव वेगळं आहे."

"भाऊ हाय म्हणलं ना! कावून तुमाला काय तरास हाय?"

डॉक्टरांच्या टेबलावर कागदांचा ढीग होता आणि दाराबाहेर रांग. "झोप?" "ठीक." "जेवण?" "ठीक." "घरी सगळं?" "ठीक." "मन कसं असतं?" "ठीक." त्यांनी वर न बघता शिक्का मारला. मानसिकदृष्ट्या पूर्णपणे सक्षम. मला प्रशिक्षणातल्या बाई आठवल्या, पण आता कुठं उघडायचं दार, बाहेर शहादेवची पाळी बुडत होती.

तपासणीला एक हसऱ्या मॅडम आल्या. कक्ष बघितला, जग बघितला, रिकामी खुर्ची बघितली. मग केसरबाईंना बाजूला घेऊन विचारलं, मनातलं कुणाशी बोलता का? केसरबाई म्हणाल्या, "व्हय, भाऊसाहेबांशी. समदे बोलतेत. साहेब बी." मॅनेजर साहेबांचा हात पोटावर गेला. मॅडमनी लिहिलं की समन्वयकाविषयी कामगारांना विलक्षण विश्वास वाटतो. ऑर्डर राहिली, पाळी राहिली. राधाकिशनरावांनी मला शाल दिली आणि नारळ. घरी आधीचे नारळ ठेवायला जागा नव्हती. आणि मॅनेजर साहेबांनी माझं सर्टिफिकेट कँटीनच्या फळ्यावर लावलं, गिरणीचं नाव खराब नको म्हणून.

लोकांनी ते वाचलं. "बरे झाले भाऊसाहेब," म्हणाले. सगळ्यांना मनापासून आनंद झाला. आणि त्या संध्याकाळपासून माझ्या दारात एकही चप्पल दिसेना. त्यात त्यांची काय चूक? बऱ्या माणसाला भेटायला कोण जातं? शहादेव वाटेत भेटला, म्हणाला, "लई झाक झालं." मी म्हणालो, "ये की चहाला." तो म्हणाला, "आता कशाला तरास तुमाला." शाण्या माणसाशी बोलल्यासारखं अदबीनं बोलला. मला त्याची ती अदब फार टोचली.

घरी येऊन बसलो. वरण लावलं. पुडा फोडला, बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं आणि मी ते काढलंही नाही. भिंतीपलीकडे विमलबाईंच्या घरात टीव्ही चालू होता. आपण खरोखर थोडं सटकलो असतो तर किती बरं झालं असतं, असं मला अगदी उघड वाटलं. एवढ्यात फोन वाजला. अजून तिची वेळ झाली नव्हती.

"विमलबाईंचा फोन आला होता," रोहिणी म्हणाली. "अभिनंदन म्हणाल्या. मी विचारलं कशाचं, तर म्हणतात, भाऊसाहेबांचं डोकं बरं झालं. अहो, फिरलं कधी होतं?"

विमलबाईंनी शपथ मोडली नव्हती. आजार कळवायचा नाही अशी शपथ होती, बरं झालेलं कळवायचं नाही असं कुणीच म्हटलं नव्हतं.

"काही नाही गं," मी म्हणालो. "गैरसमज झाला होता. सरकारी सर्टिफिकेट आहे. मानसिकदृष्ट्या पूर्णपणे सक्षम, असं लिहिलंय."

"ते सरकारचं झालं. तुमचं सांगा. ठीक आहात ना?"

'ठीक' जिभेवर आला होता. इतक्या वर्षांची सवय, त्याला काही यायला वेळ लागत नाही. मी तो गिळला. हेडक्लार्कला गिळायची सवय असते हे आधी सांगितलंच आहे, पण हे गिळणं निराळं होतं.

"न्हाई रोहिणी," मी म्हणालो. "ठीक न्हाई. मला इथं लई एकटं वाटतं. मी कक्षातल्या रिकाम्या खुर्चीशी बोलत होतो, तू बसलीस असं समजून. लोकांनी तेच बघितलं."

पलीकडे काहीच ऐकू येईना. मला वाटलं, फोन कट झाला. मग वाटलं, झालं, आता रडणार, पोरीचा अभ्यास बुडणार, सगळं माझ्यापायी. मी "हॅलो, हॅलो" करायला लागलो.

"तुम्हाला खुर्ची तरी आहे," ती म्हणाली. "इथल्या खोलीत खुर्ची मावत नाही. पोरगी क्लासला गेली की मी कुकरशी बोलते. शिट्टी होईपर्यंत बिचारा ऐकून घेतो."

मी हसलो, तीही हसली, आणि मग दोघांनाही हसू आवरलं पण नाक आवरेना. गॅसवर वरण करपल्याचा वास यायला लागला होता. तिला म्हणालो, वरण करपतंय. ती म्हणाली, करपू द्या, आज बोला. लोणच्याची बरणी खालच्या कपाटात, पिठाच्या डब्यामागं आहे, हे तिनं आधी सांगितलं. मग ती बोलायला लागली, ते सायली क्लासवरून घरी येईपर्यंत. काय बोलली ते मात्र विचारू नका. गोपनीयता हा या योजनेचा पहिला नियम आहे.